शुक्रवारी वाचायची कविता

माझी ताई इंग्रजी शिकवते आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात बसते. सकाळी एकाच घरातून निघतो, एकाच फाटकातून आत शिरतो, आणि तिथून ती डावीकडे जाते, मी उजवीकडे. डावीकडे साहित्य, उजवीकडे दाखले, पावत्या आणि हरवलेल्या डब्यांची चौकशी. तिचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि मोडलं, त्यामुळे संध्याकाळी दोघी पुन्हा एकाच ओट्याशी. मग ती मला दिवसभराचं सगळं सांगते. मला इंग्रजी कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतकी वर्षं मटार सोलताना ऐकून ऐकून आता सॉनेट कुठे वळतं तेसुद्धा मी सांगू शकते. त्याचा मला पगारवाढीत काही उपयोग झालेला नाही.

ताईच्या वर्गात पंधरा-सोळा वर्षांची मुलं. त्यांच्या घरी इंग्रजी कुणी बोलत नाही. त्यांना ते नव्या बुटासारखं चावतं. बाकीचे शिक्षक त्यांच्याकडून उतारे पाठ करून घेतात आणि हात झटकून मोकळे होतात. ताईला ते जमत नाही. ती साहित्यप्रकार शिकवते, आणि तेही मुलांना कामाला लावून. बंद पडलेल्या ट्यूबलाइटचा मृत्युलेख लिहा. कॅन्टीनच्या पातळ सूपवर शोकगीत लिहा. एकदा तिने मोठ्या मॅडमच्या नोटिशीचं विडंबन लिहायला सांगितलं. त्यातलं एक नेमकं मोठ्या मॅडमच्या हाती लागलं. ताईला खडे बोल ऐकावे लागले, आणि मलाही, कारण झेरॉक्स मी काढून दिली होती. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वाईट बाई नाही, पण सदा घाईत.

ताईचा सगळ्यात आवडता तास शुक्रवारचा, शेवटचा. त्यात एक खेळ चालायचा. प्रत्येक शुक्रवारी एकाने स्वतःची कविता वाचायची, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून लिहिलेली असायची. बसचा कंडक्टर, शाळेची घंटा, वर्गातल्या पहिल्या नंबराची आई, काहीही. बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं, कोण बोलतंय. घंटा होईपर्यंत कवीने तोंड उघडायचं नाही. कितीही आग्रह झाला, शेजारच्याने कोपरखळ्या मारल्या, तरी नाही. अगदी ताईलाही आधी सांगायचं नाही. बुधवारी कविता तिच्याकडे द्यायची, तिने भाषेच्या चुका काढून परत करायची, पण बोलणारा कोण ते तिनेही शुक्रवारीच ऐकायचं.

या खेळामागे ताईचं एक ठाम मत होतं. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे. हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की मुलं तिची नक्कल करायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून. एका दांडगट पोराने बाळंतिणीच्या तोंडून कविता लिहिली तेव्हा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. ताईने सगळ्यांना असं झापलं की पुढे वर्षभर कुणी कुणाला 'हे तुझंच आहे का रे' असं विचारायचं धाडस केलं नाही. लाजाळू मुलांनी लिहितं व्हावं म्हणून ही आडोशाची जागा तिने राखली होती. आणि खरंच, तिथे मुलं लिहायची.

वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला पुटपुट म्हणायचे, कारण कुठलंही इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी ती ते ओठातल्या ओठात म्हणून बघायची, आणि बहुतेक वेळा तिथेच ठेवायची. ऑफिसात काही मागायला आली तरी माझ्यासमोर उभी राहून आधी पुटपुटायची. माझ्याशी तर इंग्रजी बोलायचंही नसायचं. मला हसू यायचं. ताईला मात्र ती आवडायची. "हिच्या आत खूप आहे गं," ती म्हणायची. "नुसतं दार उघडायला हवं." दीड-दोन वर्षं तिने त्या पोरीमागे जिवाचा आटापिटा केला. कधी पुस्तक दे, कधी चार ओळी लिहायला सांग, कधी नुसतीच शेजारी बसून राहा.

त्या मुलीचे वडील चष्मेवाले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान, त्यांच्या वडिलांनी काढलेलं. माझा चष्मा तिथलाच. एवढा सबुरीचा माणूस मी पाहिला नाही. काच नीट बसली नाही म्हणून मी तिसऱ्यांदा गेले होते, तरी त्याच्या कपाळावर आठी नाही. संध्याकाळी मुलगी दुकानात असायची. बाप भिंगं घासायचा, ही फ्रेमा पुसायची, आणि सारखे प्रश्न. हे असं का, ते तसं का, तुम्ही लहान असताना काय होतं? शाळेत तोंड न उघडणारी पोरगी तिथे बापाचं डोकं खायची. त्यालाही ते आवडत असावं. यंत्र थांबवून उत्तर द्यायचा.

तर एका आठवड्यात पुटपुटने स्वतःहून हात वर केला. शुक्रवारी मी वाचते, म्हणाली. ताई घरी आली ती जमिनीपासून अर्धा इंच वरूनच. "बघ," मला म्हणाली, "मी म्हणत होते की नाही?" मी म्हटलं, "हो बाई, तूच ती महान. आता हात धू आणि कणीक मळ."

दुसऱ्या दिवशी ताईने घरी आल्यावर पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. खुर्चीवर बसली आणि कागद माझ्यापुढे धरला. मग तिला आठवलं की मला इंग्रजी धड वाचता येत नाही, आणि तिने अडखळत आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. कविता मोठी नव्हती. दुकानामागे एक खोली आहे, तिला बाहेरून कडी आहे. तो कडी लावतो आणि पुन्हा यंत्राशी जाऊन बसतो. मी भिंतीला कान लावून चाकाचा आवाज ऐकते. चाक फिरतंय तोवर तो येणार नाही. चाक थांबलं की मी श्वास धरते. कपाटामागच्या भिंतीवर मी नखाने एक जहाज कोरलंय. ते अजून निघालेलं नाही.

"मग दार उघडतं," ताई म्हणाली, "आणि तो काच पुसत पुसत विचारतो, झालं का रडून?"

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"दुकानामागची खोली," ताई म्हणाली. "तू पाहिलीयस?"

"पाहिलीय. म्हातारा असतो तिथं. तिचे आजोबा. रेडिओ ऐकत बसलेले असतात."

"आणि दाराला कडी?"

"असेल. सगळ्याच दारांना असते." मग मी म्हटलं, "ताई, तो माणूस तसा वाटत नाही गं."

"तसं कुणीच वाटत नाही," ती म्हणाली.

बरोबरच होतं ते. वर्तमानपत्रात येतं तेव्हा शेजारी हेच म्हणतात की वाटत नव्हतं. पण मी एक म्हटलं, ते मला आठवतं. "तूच सांगतेस ना, कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे?"

ती माझ्यावर वस्सकन ओरडली. "हे तसलं नाहीये! ट्यूबलाइटचा मृत्युलेख नाहीये हा. एवढं खरं कुणी मनानं लिहीत नाही. या वयात तर नाहीच."

जी बाई मुलांना मनाने लिहायला शिकवते तिच्या तोंडून हे ऐकून मी पुन्हा भाजी चिरायला घेतली. तिचे डोळे भरून आले होते. त्या रडण्यात काळजी होती, आणि थोडासा गर्वही होता, असं मला आता वाटतं. एवढ्या मुलींमधून ही माझ्यापाशी मोकळी झाली, असं तिला वाटलं असणार. तिला मी दोष देत नाही. माझी बहीण आहे ती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहिल्या तासाआधी ताईने पुटपुटला जिन्यापाशी गाठलं. हे ताईनेच मला नंतर सांगितलं, कितीदा तरी. तिने कागद दाखवला आणि हळूच विचारलं, "बाळा, हे कोण बोलतंय?"

पुटपुट हसली. आधी ओठातल्या ओठात म्हणून बघितलं, आणि मग स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "उद्या, मॅडम. आज सांगायचं नसतं."

नियम ताईचाच होता. पोरीने तो पाळला. पण ताईला त्या हसण्यात काहीतरी लपवलेलं दिसलं. पोर घाबरलीय, म्हणून खेळाआड दडतेय, असं तिने धरलं. पुन्हा विचारलं नाही. खोदून विचारू नये, पोरं मिटतात, असं तिला वाटलं. ती थेट मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

असं काही कानावर आलं की कळवायचंच असा शाळेचा नियम आहे, आणि तो चांगला आहे. ताईने कळवलं नसतं आणि खरंच काही असतं तर? म्हणून कळवलं त्याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. माझा राग आहे तो पुढच्यावर. मुलीशी आधी एकटीशी कुणीतरी शांतपणे बोलायला हवं होतं. समुपदेशक बाई त्या दिवशी रजेवर होत्या. एक दिवस थांबलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण मोठ्या मॅडमना दुपारी मीटिंगला जायचं होतं आणि हे मिटवूनच जायचं होतं. त्यांनी मला चष्मेवाल्यांना फोन लावायला सांगितला. मी लावला. तो घाबरून म्हणाला, "ती बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे, तुम्ही या."

तो आला तो दुकानाच्या एप्रनवरच. बोटांना पांढरी भुकटी तशीच. केबिनमध्ये मोठ्या मॅडम टेबलामागे, ताई बाजूला, पुटपुट भिंतीलगतच्या खुर्चीवर. टिपण घ्यायला म्हणून मला बसवलं. पुटपुटला वाटत होतं, कवितेबद्दल काहीतरी चांगलं सांगायला वडिलांना बोलावलंय. अशी लाजत बसली होती की मला तिच्याकडे बघवेना.

मोठ्या मॅडमनी कविता इंग्रजीत वाचली, घाईघाईने, नोटीस वाचावी तशी. वाचता वाचता पुटपुट ताठ झाली. चष्मेवाल्याला काही कळलं नाही. तो एकदा मुलीकडे, एकदा आमच्याकडे बघून हसला. "छान आहे," म्हणाला. "मला इंग्रजी एवढं येत नाही हो."

"तुम्ही सांगा त्यांना," मोठ्या मॅडम ताईला म्हणाल्या.

आणि ताईने सांगितलं. एकेक ओळ, आपल्या भाषेत, कुणावर खटला चालावा अशा आवाजात. दुकानामागे एक खोली आहे, तिला बाहेरून कडी आहे. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तो कडी लावतो. मी भिंतीला कान लावून ऐकते. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कपाटामागच्या भिंतीवर मी एक जहाज कोरलंय. इथे ताई पाणी प्यायला थांबली.

ती पुढची ओळ सांगायच्या आधीच तो बोलला. कुणाकडेही न बघता. "मग दार उघडतं. आणि काच पुसत पुसत विचारतात, झालं का रडून."

मग मोठ्या मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कबूल करताय?"

"मी आत होतो, मॅडम," तो म्हणाला. "बाहेर माझे वडील होते."

टिपण घ्यायला मला बसवलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

मोठ्या मॅडम आयुष्यात पहिल्यांदा घाईत नव्हत्या. तो मात्र आमच्या कुणाकडे बघतच नव्हता. त्याने मान वळवली आणि मुलीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाला, "हे मी तुला सांगितलं होतं."

"कुणालाच कळलं नसतं, बाबा," पुटपुट म्हणाली. आता पुटपुटणं नव्हतं, शब्द नुसते सांडत होते. "मी उद्या फक्त 'एक लहान मुलगा' असंच सांगणार होते. बाबा, शपथ. कोण ते नसतं सांगावं लागत. एक लहान मुलगा, एवढंच."

तो उठला. आम्हाला म्हणाला, "तुम्ही तुमचं काम केलंत." त्यात टोमणा नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, बोटांची भुकटी बघून हात मागे घेतला, आणि गेला.

शुक्रवारी पुटपुट वर्गात आली, पण वाचलं नाही. ताईने तो तास व्याकरणाला दिला. पुढच्या शुक्रवारीही व्याकरणच. मुलं कुरकुरली, मग गप्प झाली. बातमी अर्थातच फुटली. कुणी फोडली ते देव जाणे. मी नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. स्टाफरूममधल्या दोन बायका चष्म्याचा नंबर तपासायच्या निमित्ताने त्या दुकानात जाऊन मागची खोली बघून आल्या, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्या रजेचे अर्ज मुद्दाम उशिरा पुढे पाठवले. कोतेपणा आहे, पण मला तेवढंच करता येत होतं.

घरी ताई जेवायची नाही धड. "मी तिला कधी खोटं बोलायला लावलं नाही," असं म्हणायची. "मी तिला दुसऱ्याचं दुःख आपलं म्हणून लिहायला शिकवलं. आणि तिनं ते केलं, तर मीच…" आणि तिथे थांबायची. पहिले काही दिवस मी समजूत काढली. मग मला राग यायला लागला. एका संध्याकाळी मी म्हटलं, "माझ्यापाशी रडून काय होणार? त्यांच्याकडे जा."

"मला धीर होत नाही."

"मी येते बरोबर. चपला घाल."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पुटपुटही नव्हती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, तिथे म्हातारा खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, कानाशी रेडिओ. त्याला आता दिसत नाही. समोर वाटीत कापलेली फळं, घास घास करून ठेवलेली. चष्मेवाल्याने आम्हाला पाहून यंत्र थांबवलं.

ताईने माफी मागितली. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरली आणि नुसतं "चुकलं माझं" म्हणत राहिली. तो म्हणाला, "मॅडम, हळू बोला." आणि मान मागच्या खोलीकडे केली. "त्यांना यातलं काही माहीत नाही. आता या वयात कशाला?"

आतून म्हाताऱ्याने विचारलं, "कोण आलंय रे?"

"गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला.

मग थोडा वेळ तो एक फ्रेम उगाच पुसत राहिला. "राग नाही माझा तुमच्यावर," म्हणाला. "तिच्यावरही नाही. पण काय होतं, पूर्वी ती सारखी विचारायची. आता येते, फ्रेमा पुसते, आणि जाते. विचारत नाही. आणि तिनं विचारलं तरी मला आता सांगता येईल का, मला माहीत नाही. तोंड उघडायच्या आधी वाटतं, हे कुठं जाईल." तो ओशाळल्यासारखा हसला. "हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. एकदा हिनं विचारलं, तुम्ही हे दार कधीच का लावत नाही? आणि मी सांगून टाकलं. बरं वाटलं होतं."

ताई रडत होती. मी भिंतीवरच्या नंबर तपासायच्या तक्त्याकडे बघत होते. सगळ्यात खालची ओळ मला कधीच वाचता येत नाही.

"ती कविता आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं. "त्या दिवशी मी नीट ऐकली नाही."

ताईच्या पर्समध्ये होती. ती रोजच बरोबर असायची. तिने स्टुलावर बसून अगदी हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती, कुणावर आरोप नव्हता. चाक फिरतंय तोवर तो येणार नाही. मी भिंतीला कान लावून ऐकतो. चाक थांबलं की मी श्वास धरतो. चष्मेवाला डोळे मिटून ऐकत होता. शेवटी अजून दोन ओळी होत्या, ज्या त्या दिवशी केबिनमध्ये आपल्या भाषेत सांगायच्या राहूनच गेल्या होत्या. आता मी मोठा आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. दार मी कधीच लावत नाही.

त्या ओळी ताईने आधी वाचल्या नव्हत्या असं नाही. त्या दिवशी घरी मला सांगतानाही ती तिथवर पोचली नव्हती. 'झालं का रडून' पाशीच थांबली होती. मग तेव्हा काय समजून वाचल्या? मी तिला हे कधी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "चांगली लिहिलीय का? मला त्यातलं कळत नाही."

"खूप चांगली," ताई म्हणाली. "एवढ्या वर्षांत एवढी चांगली मी पाहिली नाही."

"तिला सांगितलंत?"

ताईने मान खाली घातली. एवढं सगळं झालं, केबिन झाली, माफ्या झाल्या, मीटिंगा झाल्या, पण कविता चांगली आहे हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मीही नाही," तो म्हणाला. "मला जमणार नाही. तुम्ही सांगा."

सोमवारी पुटपुट माझ्याकडे ऑफिसात आली. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे होते. तिने साहित्य सोडून संगणक घेतला होता आणि अर्ज नीट भरून आणला होता, वडिलांच्या सहीसकट. मी म्हटलं, "थांब जरा," आणि शिपायाला ताईला बोलवायला पाठवलं. माझं ते काम नव्हतं. पण मी थांबवून ठेवली तिला, पंख्याखाली, शिक्का सापडत नाही असं सांगून.

ताई धावतच आली. तिने अर्ज पाहिला. विषय बदलू नकोस, असं एका शब्दाने म्हणाली नाही, त्याबद्दल मी तिला मानते. समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझी कविता फार चांगली होती. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

मुलीने आधी पुटपुटून पाहिलं नाही. एकदम म्हणाली, आपल्या भाषेत, आणि आवाजात रागाचा लवलेश नाही.

"माहीत आहे, मॅडम. वाईट लिहिली असती तर तुम्ही नुसत्या चुका काढून परत दिली असती."

मुलीने माझ्याकडे पाहून विचारलं, "मिळाला का शिक्का?" तो माझ्यासमोरच होता. मी अर्जावर मारला आणि कागद तिच्या हातात दिला.